फॉर्म उशिरा आला तरी पेन्शनचा हिशेब थांबवू नका

जुलै संपत आला की पेन्शनरांच्या घरी कपाटातली एक फाइल बाहेर निघते. पासबुक, मुदत ठेवींच्या पावत्या, गेल्या वर्षीच्या रिटर्नची प्रत. 31 जुलै ही तारीख वर्षानुवर्षे डोक्यात बसलेली आहे. 2025 मध्ये मात्र ती शेवटची तारीख नव्हती. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 27 मे 2025 रोजीच जाहीर केले होते, की ज्यांना लेखापरीक्षण लागू नाही अशा करदात्यांना आर्थिक वर्ष 2024-25 चे विवरणपत्र 15 सप्टेंबर 2025 पर्यंत भरता येईल.

ही मुदतवाढ वरवर पाहता पेन्शनरांच्या सोयीची वाटते. पण ती देण्याची वेळ का आली, हेही पाहिले पाहिजे. विवरणपत्राचे फॉर्म आणि ते भरण्याची संगणकीय सोय, म्हणजे युटिलिटी, या दोन्ही गोष्टी सरकारकडूनच वेळेवर आल्या नाहीत. आणि या उशिराचा सर्वाधिक त्रास झाला तो पेन्शनसोबत थोडीफार शेती असलेल्या माणसाला.

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात असे पेन्शनर पुष्कळ भेटतात. जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, तलाठी, वनरक्षक, पोलीस, रेल्वे आणि टपाल खात्यातून निवृत्त झालेले लोक. पेन्शन बँकेत जमा होते आणि शिवारात दोन-चार एकर कापूस, सोयाबीन, तूर असते. मुलगा शेती बघतो किंवा जमीन बटईने दिलेली असते. अशा माणसाचा योग्य फॉर्म बहुतेक वेळा ‘सहज’ नसतो. तो असतो आयटीआर-2, आणि 2025 मध्ये नेमका तोच फॉर्म उशिरा आला.

उशीर नेमका कुठे झाला?

2024 मध्ये आयटीआर-1, आयटीआर-2 आणि आयटीआर-4 हे तिन्ही फॉर्म 1 एप्रिललाच पोर्टलवर भरता येत होते. 2025 मध्ये फॉर्म अधिसूचित व्हायलाच एप्रिलची अखेर आणि मे उजाडला. आयटीआर-1 आणि आयटीआर-4 ची एक्सेल युटिलिटी 30 मे रोजी आली, तर ऑनलाइन भरण्याची सोय जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाली. आयटीआर-2 ची एक्सेल युटिलिटी थेट 11 जुलैला आली. मोबाइलवर काम करणाऱ्याला तिचा उपयोग नाही, कारण त्यासाठी संगणक लागतो. पोर्टलवर ऑनलाइन आयटीआर-2 भरण्याची सोय जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात खुली झाली.

मंडळाने कारणे दिली आहेत. फॉर्मच्या रचनेत आणि मजकुरात मोठे बदल झाले. प्रणाली तयार करून तपासायला वेळ हवा होता. शिवाय बँका आणि कार्यालयांनी 31 मेपर्यंत भरलेल्या टीडीएसच्या नोंदी करदात्यांच्या खात्यावर दिसायला जून उजाडतो.

यात एक मोठे कारण भांडवली नफ्याचे आहे. 23 जुलै 2024 पासून शेअर, म्युच्युअल फंड, जमीन-घर यांच्या विक्रीवरील कराचे दर बदलले. त्यामुळे आर्थिक वर्ष 2024-25 च्या आयटीआर-2 मध्ये त्या तारखेआधीचा आणि नंतरचा नफा वेगवेगळा दाखवावा लागत होता. ज्याने आयुष्यात एक शेअर विकला नाही, पण ज्याच्याकडे तीन एकर कापूस आहे, असा पेन्शनरही त्याच फॉर्मसाठी ताटकळला.

पेन्शन आणि शेती असेल तर फॉर्म कोणता?

आयटीआर-1 म्हणजे सहज. भारतात राहणाऱ्या, 50 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, पेन्शन किंवा पगार, घर आणि व्याज असे उत्पन्न असलेल्यांसाठी तो आहे. शेतीच्या उत्पन्नाला त्यात मर्यादा आहे आणि ती आहे वर्षाला फक्त 5,000 रुपये. त्याच्यावर एक रुपया जरी गेला तरी सहज भरता येत नाही. शेतीखेरीज धंदा-व्यवसाय नसेल तर आयटीआर-2 भरावा लागतो.

इथे उत्पन्न म्हणजे निव्वळ उत्पन्न. बियाणे, खत, फवारणी, वेचणी, मजुरी हा खर्च वजा करून जे उरते ते. ओल्या दुष्काळाने किंवा भाव पडल्याने काहीच उरले नसेल, तर सहजचा रस्ता मोकळा राहतो. पण तसे असेल तर विक्रीच्या पावत्या आणि खर्चाची वही जपून ठेवा. उद्या विचारणा झाली तर तोंडी हिशेब चालणार नाही.

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, मग दाखवायचे कशाला, असा प्रश्न हमखास येतो. ते करमुक्त आहेच. पण कराचा दर ठरवताना ते धरले जाते. शेतीचे निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांपेक्षा जास्त आणि बाकीचे उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर दोन्ही मिळवून दर ठरतो आणि शेतीच्या वाट्याचा कर त्यातून वजा होतो. म्हणून ते फॉर्ममध्ये लिहावेच लागते. आयटीआर-2 मध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात एकूण आलेली रक्कम आणि झालेला खर्च लिहायचा. निव्वळ शेतीउत्पन्न 5 लाखांवर असेल, तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की कसायला घेतलेली, बागायती की कोरडवाहू, हेही द्यावे लागते. त्यासाठी सातबारा हाताशी ठेवा.

बटईने किंवा ठोक्याने दिलेल्या जमिनीचे पैसे हेही शेतीचेच उत्पन्न आहे, हे विसरू नका.

जून 2025 मध्ये सहज उपलब्ध होता, आयटीआर-2 नव्हता. त्यामुळे अनेकांना मोह झाला असेल, की आहे तोच फॉर्म भरून मोकळे व्हावे आणि शेतीचा रकाना रिकामा सोडावा. हा मोह महागात पडू शकतो. चुकीचा फॉर्म भरल्यास विभाग विवरणपत्र सदोष ठरवून कलम 139(9) खाली नोटीस पाठवू शकतो. दुरुस्तीसाठी साधारण 15 दिवस मिळतात. त्या काळात उत्तर गेले नाही तर ते विवरणपत्र भरलेच नाही, असे धरले जाऊ शकते. नोटीस येते ती ई-मेलवर आणि पोर्टलवर. ज्याचा ई-मेल सेवा केंद्रवाल्याने आपल्याच नावाचा टाकलेला असतो, त्याला ती कळतही नाही.

ज्यांनी घाईत सहज भरला होता त्यांच्यासाठीही मार्ग होता. 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारित विवरणपत्र भरता येत होते. योग्य फॉर्ममध्ये, शेतीचे उत्पन्न दाखवून ते पुन्हा भरायचे आणि पडताळणी पूर्ण करायची होती.

पेन्शन कोणत्या रकान्यात जाते?

स्वतःच्या नोकरीचे पेन्शन हे पगाराच्या शीर्षाखाली येते. त्यावर पगारदारासारखीच प्रमाणित वजावट मिळते. आर्थिक वर्ष 2024-25 साठी नव्या करप्रणालीत ती 75,000 रुपये आणि जुन्या प्रणालीत 50,000 रुपये आहे. फॉर्ममध्ये नोकरीचा प्रकार विचारला जातो. तिथे केंद्राचे पेन्शनर, राज्याचे पेन्शनर, सार्वजनिक उपक्रमाचे पेन्शनर आणि इतर पेन्शनर असे वेगळे पर्याय आहेत. आपला पर्याय बघून निवडा. ईपीएस-95 खाली मिळणारे पेन्शनही याच शीर्षाखाली येते.

कुटुंब निवृत्तीवेतनाचे तसे नाही. पतीच्या किंवा पत्नीच्या निधनानंतर मिळणारे पेन्शन ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली जाते. त्यावर 75,000 ची वजावट मिळत नाही. पेन्शनचा एक तृतीयांश भाग किंवा ठरावीक रक्कम, यांपैकी जे कमी असेल ते वजा होते. ही ठरावीक रक्कम नव्या प्रणालीत 25,000 रुपये आणि जुन्या प्रणालीत 15,000 रुपये आहे. कुटुंब निवृत्तीवेतनावर पगारासारखा टीडीएस कापला जात नाही, म्हणून फॉर्म 16 ही मिळत नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे उत्पन्न करमुक्त आहे, असा गैरसमज त्यामुळे होतो. वर्षभराच्या रकमेची बेरीज पासबुकावरून स्वतःच करावी लागते.

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा काही भाग विकला असेल, म्हणजे अंशराशीकरण केले असेल, तर सरकारी कर्मचाऱ्याला एकरकमी मिळालेली ती रक्कम पूर्ण करमुक्त असते. दरमहा जे पेन्शन उरते ते करपात्र असते. थकबाकी एकदम मिळून त्या वर्षीचा कर वाढला असेल तर कलम 89 ची सवलत मागता येते. पण त्यासाठी विवरणपत्राच्या आधी पोर्टलवर फॉर्म 10ई भरावा लागतो. तो न भरता सवलत मागितली तर ती नाकारली जाते.

आज हाती काय घ्यायचे?

युटिलिटी येण्याची वाट बघत असतानाही निम्मे काम होऊ शकत होते. ज्यांचे राहिले असेल त्यांनी ते आता करावे. त्यासाठी कुठलेही सॉफ्टवेअर लागत नाही.

पहिले काम पासबुकाचे. 1 एप्रिल ते 31 मार्च या आर्थिक वर्षातल्या सगळ्या नोंदी छापून घ्या. एक गोष्ट लक्षात ठेवा. खात्यात जमा झालेली रक्कम ही टीडीएस कापून आलेली असू शकते. विवरणपत्रात कापण्याआधीची रक्कम दाखवायची आणि कापलेला कर वेगळा दाखवायचा.

दुसरे काम फॉर्म 16 चे. तो देण्याची अंतिम तारीख 15 जून असते. राज्य शासनाच्या पेन्शनरांनी कोषागाराकडे, जिल्हा परिषदेच्या पेन्शनरांनी आपले पेन्शन काढणाऱ्या कार्यालयाकडे, बँकेमार्फत पेन्शन घेणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांनी बँकेकडे तो मागावा. माजी सैनिकांना तो ‘स्पर्श’ पोर्टलवर मिळतो. तो हाती आला नाही म्हणून विवरणपत्र अडत नाही. विवरणपत्राला कोणताही कागद जोडावा लागत नाही.

तिसरे काम ताळा पाहण्याचे. पोर्टलवर फॉर्म 26एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, या दोन ठिकाणी तुमच्या पॅनवर काय नोंदले आहे ते दिसते. ‘एआयएस फॉर टॅक्सपेयर’ हे सरकारी अॅप मोबाइलवरही चालते. फॉर्म 16 मध्ये टीडीएस आहे पण 26एएसमध्ये नाही, असे असेल तर आधी कार्यालयाला लेखी कळवा. आधीच भरून आलेले आकडे तपासल्याशिवाय ‘ओके’ करू नका. दुसऱ्या बँकेतले व्याज, पतसंस्थेतल्या ठेवीचे व्याज, टपाल खात्यातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज, हे सगळे त्यात आलेच असेल असे नाही.

चौथे काम शेतीच्या वहीचे. बाजार समितीची किंवा व्यापाऱ्याची पट्टी, कापूस खरेदी केंद्राची पावती, खताच्या दुकानाचे बिल, मजुरीची नोंद. एका कागदावर आलेले आणि गेलेले लिहून काढले, की फॉर्म कोणता हा प्रश्नच सुटतो.

शेवटचे काम मोबाइलचे. पॅन-आधार जोडणी, आधारला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक आणि पोर्टलवर पडताळलेले बँक खाते. विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी केली नाही, तर वेळेवर भरल्याचा फायदा जातो. आधारला जुना, बंद पडलेला क्रमांक असेल तर ओटीपी येणारच नाही.

कर शून्य, तरी 6,000 रुपये अडकलेले

आर्थिक वर्ष 2024-25 च्या आकड्यांत बघू. समजा, 68 वर्षांच्या निवृत्त शिक्षकांना दरमहा 42,000 रुपये पेन्शन आहे. वर्षाचे झाले 5,04,000. एका बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याज 60,000 आणि बचत खात्याचे 5,000. शेतीतून खर्च जाऊन 90,000 उरले.

नव्या करप्रणालीत पेन्शनमधून 75,000 वजा जाऊन उरतात 4,29,000. त्यात व्याजाचे 65,000 मिळवले की एकूण उत्पन्न 4,94,000. दर ठरवण्यासाठी शेतीचे 90,000 धरले तर 5,84,000 वर कर होतो 14,200. त्यातून 3,90,000 वरचा 4,500 वजा केला की उरतो 9,700. एकूण उत्पन्न 7 लाखांच्या आत असल्याने कलम 87ए ची सूट मिळते आणि देय कर शून्य होतो.

मग विवरणपत्र कशासाठी? दोन कारणे आहेत. एक, त्या वर्षी नव्या प्रणालीत 3 लाखांवर उत्पन्न गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक होते. दुसरे, त्या वर्षी ज्येष्ठांसाठी एका बँकेतल्या ठेवींच्या व्याजाची टीडीएस मर्यादा 50,000 होती. फॉर्म 15एच दिला नसेल तर बँकेने 60,000 वर 10 टक्के, म्हणजे 6,000 रुपये कापलेले असतील. ते परत मिळवायचा मार्ग विवरणपत्राचाच आहे. शेतीमुळे फॉर्म आयटीआर-2, आणि तो जुलै 2025 पर्यंत ऑनलाइन नव्हता. फॉर्मच नसल्याने हा परतावा एप्रिलपासून मागताच आला नाही. मुदतीच्या आत विवरणपत्र भरले, तर अशा परताव्यावर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. उशिरा भरले तर ते विवरणपत्र भरल्याच्या तारखेपासून मोजले जाते.

याच जागी एक गैरसमज दूर करायला हवा. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात 12 लाखांपर्यंत कर नाही, असे सगळ्यांनी ऐकले. ती सवलत आर्थिक वर्ष 2025-26 च्या उत्पन्नाला आहे. 2025 मध्ये भरायचे विवरणपत्र त्याआधीच्या वर्षाचे होते आणि त्याला 7 लाखांचीच मर्यादा लागू होती.

कर भरायला फॉर्म लागत नाही

ज्यांना कर द्यायचा आहे त्यांनी युटिलिटीची वाट पाहण्याची गरज नाही. पोर्टलवरच्या ‘ई-पे टॅक्स’ सोयीतून स्वनिर्धारण कर कधीही भरता येतो. योग्य करनिर्धारण वर्ष निवडा, कारण इथेच अनेकांची चूक होते. नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा चलन काढून बँकेच्या काउंटरवर पैसे भरता येतात. चलनाचा क्रमांक, तारीख आणि बँकेचा बीएसआर कोड जपून ठेवा, पुढे फॉर्ममध्ये तो लागतो.

60 वर्षे पूर्ण झालेल्या आणि धंदा-व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना आगाऊ कर भरावा लागत नाही. त्यामुळे आगाऊ कर न भरल्याचे व्याज त्यांना नाही. मात्र मुदतीनंतरही कर आणि विवरणपत्र बाकी राहिले, तर थकलेल्या करावर दरमहा 1 टक्का व्याज सुरू होते.

60 वर्षांखालच्या कुटुंब निवृत्तीवेतनधारकांनी जास्त सावध राहायला हवे. टीडीएस वजा जाता त्यांचा वर्षाचा कर 10,000 रुपये किंवा त्याहून जास्त होत असेल, तर त्यांना आगाऊ कर लागू होता. तो भरला नसेल तर 1 एप्रिलपासूनच दरमहा 1 टक्का व्याज चालू होते. मुदतवाढीने ते थांबत नाही. त्यांनी कर आजच भरलेला बरा.

मुदत चुकली तर?

आर्थिक वर्ष 2024-25 चे उशिराचे विवरणपत्र 31 डिसेंबर 2025 पर्यंत भरता येत होते. एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेवर पण 5 लाखांच्या आत असेल तर 1,000 रुपये आणि त्यावर असेल तर 5,000 रुपये विलंब शुल्क पडेल. वरच्या उदाहरणातल्या गुरुजींचा कर शून्य आहे, तरी 1,000 रुपये जातील.

त्याहून मोठे नुकसान जुन्या करप्रणालीचा हक्क जाण्याचे आहे. धंदा-व्यवसाय नसलेल्या करदात्याला जुनी प्रणाली हवी असेल, तर ती मुदतीत भरलेल्या विवरणपत्रातच निवडता येते. उशीर झाला की नवीच प्रणाली लागते. दरमहा 70,000 पेन्शन आणि 40,000 व्याज असलेल्या ज्येष्ठाचे आर्थिक वर्ष 2024-25 चे उदाहरण घ्या. नव्या प्रणालीत त्यांचा कर उपकरासह 31,720 होतो. जुन्या प्रणालीत 80सी चे दीड लाख, आरोग्य विम्याचे 50,000 आणि व्याजावरची 40,000 ची वजावट पूर्ण मिळाली, तर तो 29,120 होतो. तारीख चुकली तर हा 2,600 चा फरक हातचा जातो आणि वर 5,000 शुल्क लागते. कोणती प्रणाली फायद्याची, हे प्रत्येकाच्या वजावटींवर ठरते. म्हणून आधी दोन्ही मांडून पाहा.

75 वर्षे पूर्ण झालेल्यांना विवरणपत्रातून सूट आहे, हे खरे. पण पेन्शन आणि पेन्शन जमा होणाऱ्या त्याच बँकेचे व्याज, याशिवाय दुसरे उत्पन्न नसेल तरच. शिवाय त्यासाठी बँकेला फॉर्म 12बीबीए देऊन बँकेकडूनच कर कापून घ्यावा लागतो. वय झाले म्हणून आपोआप सूट मिळत नाही.

सॉफ्टवेअर म्हणजे कायदा नव्हे

फॉर्म स्वीकारत नाही म्हणजे आपला हक्कच नाही, असे अनेकजण मानून चालतात. याबाबत मुंबई उच्च न्यायालयातले एक प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. 5 जुलै 2024 पासून विभागाने युटिलिटीत बदल केला आणि विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम 87ए ची सूट मागण्याची सोयच बंद झाली. करसल्लागारांची मुंबईतली संस्था ‘चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स’ न्यायालयात गेली. 20 डिसेंबर 2024 च्या अंतरिम आदेशानंतर उशिराच्या विवरणपत्राची मुदत 15 जानेवारी 2025 पर्यंत वाढली. 24 जानेवारी 2025 च्या निकालात न्यायालयाने सूट मागण्याची सोय युटिलिटीत ठेवण्याचे निर्देश दिले. मागणी मान्य करायची की नाही, हे विभागाने कायद्याच्या प्रक्रियेतून ठरवावे. पण ती करण्याचे दारच संगणकाने बंद करू नये, असा त्याचा सरळ अर्थ.

पेन्शनरांनी यातून घ्यायचे ते एवढेच. पोर्टल अडले तर पडद्याचा फोटो तारखेसह ठेवा, पोर्टलवरच्या तक्रार विभागात तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. अडले म्हणून चुकीच्या रकान्यात आकडा टाकू नका.

‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

फॉर्म उशिरा आले की शेवटच्या आठवड्यात गर्दी होते, आणि गर्दीत एजंटांचे फावते. न दिलेली देणगी, न भरलेला विमा, न घेतलेले कर्ज दाखवून परतावा वाढवला जातो आणि त्यातला वाटा घेतला जातो. 14 जुलै 2025 रोजी प्राप्तिकर विभागाने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभरात 150 ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्राचाही त्यात उल्लेख आहे. पकडले गेल्यावर कर, व्याज आणि दंड करदात्यालाच भरावा लागतो. विवरणपत्र कोणाकडूनही भरून घ्या, पण पासवर्ड आणि ओटीपी आपल्याच हाती ठेवा, ई-मेल आपला किंवा घरातल्या माणसाचा द्या आणि भरलेल्या फॉर्मची पूर्ण प्रत मागून घ्या.

उशीर त्यांचा, भार कोणाचा?

करदात्याने एक दिवस उशीर केला तर शुल्क ठरलेले आहे. विभागाने साडेतीन महिने फॉर्म दिला नाही तर त्यावर मुदतवाढ हेच एक उत्तर आहे. शहरात सनदी लेखापालाकडे जाणाऱ्याला ते पुरतेही. इस्लापूरच्या पेन्शनराला मात्र किनवटला किंवा नांदेडला जाऊन ‘फॉर्म अजून आला नाही’ हे ऐकून परत यावे लागते. सत्तरीतल्या माणसाचा त्यात दिवस जातो आणि भाडेही.

सरकारने तीन गोष्टी करायला हव्यात. पहिली, फॉर्म आणि युटिलिटी 1 एप्रिलला तयार हव्यात. 2024 मध्ये ते जमले होते, म्हणजे ते अशक्य नाही.

दुसरी, सहजमधली शेतीउत्पन्नाची 5,000 ची मर्यादा वाढवावी. 2025 मध्ये सहजमध्ये एक बदल झाला. सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी फंडांवरचा सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा आता त्यात दाखवता येतो. छोट्या गुंतवणूकदाराची सोय झाली, ती योग्यच आहे. पण शेअरच्या सव्वा लाखाला सोपा फॉर्म आणि कापसाच्या सहा हजारांना अवघड फॉर्म, हे कोणत्या न्यायात बसते? कोरडवाहू दोन एकरांतले उत्पन्नही 5,000 च्या वर जाते. मराठवाड्यातल्या बहुतेक शेतकरी पेन्शनरांना ही मर्यादा सोप्या फॉर्मबाहेर ठेवते. एक मोजकी मर्यादा ठरवून सहजमध्येच शेतीउत्पन्नाचा आणि खर्चाचा रकाना देणे अवघड नाही.

तिसरी, फॉर्म 16 आणि माहितीसाठी पेन्शनरांना जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागू नये. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी जशी तालुक्याच्या ठिकाणी सोय होते, तशी जून-जुलैत विवरणपत्रासाठी उपकोषागार आणि पंचायत समितीत व्हावी. पेन्शनर संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

तोवर आपल्या हाती आहे ते आपण करावे.  शेवटच्या आठवड्यात पोर्टलवर गर्दी वाढते आणि पावसात नेटवर्कचा भरवसा नसतो. पासबुक, 26एएस आणि शेतीची वही वेळेवर एकत्र ठेवून बसलात, तर हा विषय मुदतीच्या आधीच मिटेल.